बँक गेली तरी दालन राहू द्या

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ मैसूर ही स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पाट्या उतरल्या, चेकबुके बदलली, जुने खातेदार नव्या आयएफएससी कोडची चिठ्ठी खिशात घेऊन हिंडू लागले. बंगळुरूतल्या केम्पेगौडा रस्त्यावरचा चौक मात्र आजही ‘मैसूर बँक सर्कल’च आहे. बसवाले तेच पुकारतात, रिक्षावाल्याला तेच कळते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने १९१३ साली उभी राहिलेली ही बँक शंभराहून अधिक वर्षे चालली, आणि ती गेल्यावर लोकांनी तिचे नाव पत्त्यात जपून ठेवले.

नाव लोकांच्या तोंडी असते, म्हणून ते टिकते. भिंती, छत, जिना, तिजोरीची खोली यांचे तसे नाही. त्यांचा निकाल मालमत्ता विभागाच्या फायलीत लागतो, आणि तो लागल्याचे आपल्याला कळते ते पत्रे ठोकून इमारत झाकली जाते तेव्हा. आज देशभर जुन्या बँक-इमारतींवर ही वेळ येऊ घातली आहे. विलीनीकरणामुळे एकाच रस्त्यावर एकाच बँकेच्या दोन-दोन शाखा झाल्या, त्यातली एक बंद होणे ओघानेच आले. पैसे फोनवरून फिरू लागल्यापासून दालनात माणूस येईनासा झाला. पूर्वी गावातली निम्मी पेठ एका वेळी मावावी अशा बेताने बांधलेले दालन आता दोन एटीएम आणि चार टेबलांसाठी कोण सांभाळणार, असा हिशेब कोणीही अधिकारी मांडील, आणि आकड्यांच्या दृष्टीने तो चुकीचा ठरणार नाही.

माझी मागणी या हिशेबाच्या आड येणारी नाही. बँकेला जायचे तर तिने खुशाल जावे. पण जाताना दालन अखंड ठेवावे, आणि पुढे तिथे जो कोणी येईल त्याच्या करारपत्रात एक अट घालावी: रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही त्या दालनात पाय ठेवता आला पाहिजे.

हा विषय बंगळुरूत काढला की तो स्कॉटलंडपर्यंत जातो. हिंदुस्थानातल्या युरोपीय धाटणीच्या बँकांवर स्कॉटिश माणसांची छाप फार खोल आहे. चार्टर्ड बँक १८५३ साली काढणारा जेम्स विल्सन हा स्कॉटलंडच्या हॉइक गावचा. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिकही त्यानेच सुरू केलेले, आणि १८६० साली हिंदुस्थानावर पहिला आयकर बसवला तोही त्यानेच. त्याच वर्षी कोलकात्यात त्याचा मृत्यू झाला. हाँगकाँग बँकेचा संस्थापक थॉमस सदरलँड हा ॲबरडीनचा. माणसांइतकीच महत्त्वाची त्यांची पद्धत. आपल्याकडचा प्रत्येक दुकानदार ज्या ‘सीसी’वर धंदा चालवतो, त्या कॅश क्रेडिटचे मूळ स्कॉटलंडमध्ये आहे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने १७२८ साली विल्यम हॉग नावाच्या एडिंबराच्या व्यापाऱ्याला खात्यात होते त्याहून हजार पौंड जास्त उचलायची मुभा दिली. माणसाची पत बघून उचल द्यायची, व्याज वापरलेल्या रकमेवरच घ्यायचे, ही कल्पना तिथून पसरली. मैसूर बँक सर्कलपासून पायी थोडे पुढे गेले की नगरथपेठ लागते. तिथे विटा-आटपाडीकडून आलेली मराठी गलाई मंडळी मुशीत सोने गाळतात, टंच काढतात. त्यांच्या धंद्यात भांडवल कधी आज हवे असते तर कधी परवा परत करता येते, आणि अशा धंद्याला ही पद्धत जशी मानवते तशी मुदतीच्या कर्जाची मानवत नाही. गरिबाच्या बचतीचेही तसेच. स्कॉटलंडच्या रथवेल नावाच्या खेड्यात हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने १८१० साली सहा पेन्सांपासून ठेव घेणारी बचत बँक काढली. इतर बँका दहा पौंडांखाली कोणाला दारात उभे करत नसत. रथवेलची ती छोटीशी वास्तू पुढे संग्रहालय झाली.

आता इमारतींकडे येऊ. स्कॉटिश शैली म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर किल्लेवजा घरे येतात: उतरत्या छपराच्या दोन्ही कडांना पायऱ्यापायऱ्यांची भिंत, कोपऱ्यावर भिंतीतून बाहेर काढलेला टोकदार टोपीचा लहानसा गोल बुरूज, खिडक्या अरुंद. एकोणिसाव्या शतकात विल्यम बर्न आणि डेव्हिड ब्राइस या वास्तुशिल्पींनी ही जुन्या सरदारी वाड्यांची धाटणी पुन्हा प्रचारात आणली, व्हिक्टोरिया राणीने बालमोरलचा वाडा तशा पद्धतीने बांधून घेतल्यावर तिला प्रतिष्ठा आली, आणि मग स्कॉटलंडच्या लहान-लहान गावांतल्या बँकांनी ती उचलली. या बँकांची रचना मला फार शहाणपणाची वाटते. खाली दालन, वर बँकेच्या एजंटाचे बिऱ्हाड, आणि दोहोंना वेगवेगळी दारे. एजंट म्हणजे आपला शाखाधिकारी. तो गावातलाच एखादा वकील किंवा प्रतिष्ठित माणूस असे, ज्या इमारतीत लोकांचा पैसा त्याच इमारतीत त्याची मुलेबाळे निजत, आणि रात्री वरच्या खिडकीत दिवा दिसला की गावाला कळे की बँकवाला घरी आहे.

मोठ्या शहरांत मात्र बँकांनी वाड्याऐवजी देवळाचा थाट घेतला, तोही ग्रीक-रोमन देवळाचा. एडिंबराच्या जॉर्ज स्ट्रीटवर कमर्शियल बँक ऑफ स्कॉटलंडचे मुख्यालय १८४७ साली पुरे झाले. डेव्हिड ऱ्हिंड याची ती रचना. समोर सहा भव्य कॉरिंथियन खांब, वर कोरीव त्रिकोण, आत घुमटाखाली दालन. त्याच शहरातल्या डंडास हाऊसमध्ये जॉन डिक पेडी याने १८५७ साली रॉयल बँकेसाठी दालन बांधले. त्याच्या निळ्या घुमटाला तारकांच्या आकाराचे झरोके आहेत, त्यांतून उजेड खाली काउंटरवर उतरतो. हा उजेड नुसता शोभेचा नव्हता. विजेच्या आधीच्या काळात खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाला आणि नोट पारखणाऱ्या रोखपालाला वरून येणारा, सावली न पाडणारा उजेड लागे. घुमट, उंच छत, काचेचा झरोका हे सगळे आधी कामाचे आणि मग डौलाचे.

एवढा डौल कशाला, याचे उत्तर बँका बुडण्याच्या इतिहासात आहे. २ ऑक्टोबर १८७८ रोजी सिटी ऑफ ग्लासगो बँकेने दार बंद केले. भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे बँकेचे देणे फिटेपर्यंत घरातली भांडीकुंडीही सुटणार नव्हती. १,८१९ भागधारकांपैकी अवघे २५४ सावरले, बाकी दिवाळखोरीत गेले. संचालक तुरुंगात गेले. आपल्या मुंबईत त्याआधीच हा तमाशा होऊन गेला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचा ज्वर चढला, १८६५ साली युद्ध संपले आणि सगळे कोसळले. शेअरांवर भरमसाट उचल देऊन बसलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली मोडीत निघाली. अशा काळात लोकांसमोर दगडी खांब उभे करणे ही बँकेची गरज होती. दगडाने पैसा सुरक्षित राहत नाही हे खरे. पण ज्या संस्थेने पायात इतका पैसा ओतला ती रातोरात गाशा गुंडाळणार नाही, असे ठेवीदाराला वाटे, आणि त्या वाटण्यावरच बँक चाले.

ॲबरडीनचा मुद्दा बंगळुरूकरांनी जरा थांबून वाचावा असा आहे. ते सगळे शहर ग्रॅनाइटचे आहे. तिथल्या कॅसल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आर्चिबाल्ड सिम्प्सन याने १८४२ च्या सुमारास नॉर्थ ऑफ स्कॉटलंड बँकेची इमारत पुरी केली. रस्ता वळतो तिथे त्याने अर्धगोल खांबमंडप उभारला, आणि वर धान्यदेवता सिरीझची मूर्ती बसवली. ग्रॅनाइट हा हट्टी दगड. वालुकाश्मात जशी पानेफुले काढता येतात तशी त्यात सहज निघत नाहीत, छिन्नी बोथट होते, मजुरी चौपट होते. म्हणून ॲबरडीनचे वास्तुशिल्पी कोरीवकामाचा मोह आवरून सपाट पृष्ठ, धारदार कोपरे आणि नेमके प्रमाण यांवर भर देऊ लागले. त्या शहराच्या इमारतींना जो सोज्वळ करारीपणा आला आहे तो बराचसा दगडाने शिकवलेला आहे.

बंगळुरूही याच जातीच्या दगडावर बसले आहे. लालबागेतला तो उघडा कातळ सुमारे ३०० कोटी वर्षांचा, पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी. देवनहळ्ळीकडच्या सादरहळ्ळीचा करडा दगड शहरातल्या घराघरांत आहे. लांबच लांब फरशा आणि खांब सरळ फोडून काढण्याचे इथल्या वडारांचे कसब तर असे, की शेताच्या कुंपणालाही दगडी पट्ट्या उभ्या केलेल्या दिसतात. १९५६ साली पुरे झालेले विधानसौध याच परिसरातल्या ग्रॅनाइटचे. म्हणजे ॲबरडीनला दगडाने जे शिकवले ते शिकायची सोय इथेही होती, आणि इंग्रजांच्या छावणीतल्या जुन्या दगडी जोत्यांत, पायऱ्यांत, खिडक्यांच्या उंबऱ्यांत ती साधेपणाची शिस्त अजून दिसते. वरचा साज मात्र इथल्या हवेने ठरवला: खोल व्हरांडा, चुन्याचा घोटीव गिलावा, झिलमिलीची दारे, आणि बंगळुरूची खास ओळख असलेली ‘मंकी टॉप’, म्हणजे खिडकीवर पुढे काढलेली उभ्या लाकडी पट्ट्यांची टोकदार झडप.

म्हणून हिंदुस्थानात ‘स्कॉटिश वास्तू’ शोधताना नुसते बुरूज शोधू नयेत. इथे आलेले स्कॉटिश वास्तुशिल्पी इथले बघून बांधत. मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस घ्या. जॉन बेग हा बोनेस गावचा माणूस, त्याने १९१३ साली पुरे झालेल्या या इमारतीसाठी विजापूरचा गोलघुमट डोळ्यांपुढे ठेवला. त्या घुमटाखालच्या गोल दालनात पोस्टाची बचत बँक चाले, मनिऑर्डरी लिहिल्या जात, आणि गिरणीत खपणाऱ्या कोकण्याचे पैसे तिथून गावी जात. गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बांधणारा जॉर्ज विटेट हा ब्लेअर ॲथॉलचा. तो मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. बंगळुरूत स्कॉटलंड सरळसरळ बघायचे तर कब्बन रोडवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये जावे. १८६६ साली उघडलेल्या या चर्चमधली रंगीत काचेची प्रचंड खिडकी एडिंबराच्या बॅलंटाइनच्या कारखान्यातून आली, १८८१ सालचा पाइप ऑर्गनही तिथे आहे. ते चर्च भक्तांनी सांभाळले, कारण रविवारी अजून तिथे माणसे जमतात. बँकेच्या दालनाला असा रविवार नाही.

बंगळुरूच्या पैशाचा भूगोलही दुभंगलेला होता. पेठेत सावकार आणि सराफ, त्यांची गादी, लोड, मोडी-कानडी-तेलुगूतल्या वह्या. १८०९ नंतर वसलेल्या छावणीत गोऱ्या पलटणीचा पगार, व्यापारी पेढ्या, क्लब आणि १८६० च्या दशकात आलेली बँक ऑफ मद्रासची शाखा. ही बँक मद्रासमध्ये १८४३ साली निघाली, १९२१ साली बंगालच्या आणि मोडल्यावर पुन्हा उभ्या राहिलेल्या मुंबईच्या बँकेबरोबर इम्पीरियल बँकेत मिसळली, आणि १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियलची स्टेट बँक झाली. मैसूर बँक या दोन जगांच्या मधली. संस्थानाच्या पाठबळाने पेठेच्या तोंडाशी ती उभी राहिली आणि पेठेतल्या माणसाला तिने गादीवरून उठवून काउंटरपुढे उभे केले. गोऱ्या साहेबाच्या बँकेत शिरताना ज्याने कधी चपला दाराबाहेर काढल्या असतील, त्याला इथे आपले दालन मिळाले. हे मला इमारतीच्या शैलीइतकेच मोलाचे वाटते. जात, पेठ, धंदा न विचारता एका रांगेत उभे करणाऱ्या जागा त्या काळात किती होत्या? आगगाडीचे स्टेशन, टपाल कचेरी, दवाखाना, कोर्ट, आणि बँक.

अशा एका जुन्या बँकेच्या दालनात, छावणीच्या भागात, मी अलीकडे उभा होतो. बँक कोणती हे महत्त्वाचे नाही, कारण असेच दृश्य शंभर ठिकाणी आहे. बाहेरून खांब, कमान, दगडी पायऱ्या. मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आत गेल्यावर डोक्यावर पांढऱ्या चौकोनी तुकड्यांचे खोटे छत. एक तुकडा गळतीने काढलेला होता, त्या भोकातून वर बघितले तर खरे छत आणखी दीड पुरुष उंचीवर, त्याच्या कडेने चुन्यात काढलेली वेलपट्टी, आणि ती वेलपट्टी मधेच तोडून एसीचा पत्र्याचा डक्ट भिंतीत घुसवलेला. बिडाचा एक खांब प्लायवूडच्या पेटीत कोंडून त्यावर गृहकर्जाची जाहिरात लावली होती. सागवानी काउंटर गेला होता, रोखपालाचा पितळी जाळीचा पिंजरा गेला होता. फरशीवर मात्र त्यांच्या खुणा होत्या. जिथे काउंटर होता तिथली फरशी गडद आणि गुळगुळीत, आणि तिच्या पुढे एक लांब पट्टा फिकट, खरबरीत, माणसांच्या पायांनी घासलेला. किती पिढ्या त्या पट्ट्यावर उभ्या राहून पगार, पेन्शन, ड्राफ्ट, शिक्षणाच्या फीचे पैसे घेऊन गेल्या असतील. मागच्या बाजूला तिजोरीच्या खोलीचे लोखंडी दार, वीतभर जाड, अजून आपल्या बिजागऱ्यांवर नीट फिरते. त्या खोलीत तुटक्या खुर्च्या रचल्या होत्या.

यातले बहुतेक नुकसान भरून येण्याजोगे आहे. खोटे छत एका आठवड्यात उतरवता येते, पेटी काढली की खांब मोकळा होतो, तुटलेली वेलपट्टी चुन्यात पुन्हा ओतता येते. भरून न येणारे नुकसान एकच: दालनाचे तुकडे पाडणे. एकदा का मधे स्लॅब टाकून एकाचे दोन मजले केले, केबिने पाडली, उजेडाची वाट बुजवली, की मग बाहेरचा दर्शनी भाग कितीही रंगवून ठेवला तरी इमारत गेलीच. आपल्याकडे वारसा म्हणजे दर्शनी भाग असे धरून चालण्याची सवय पडली आहे. बँकेच्या बाबतीत ती फार घातक आहे, कारण बँक-इमारतीचा जीव दालनात असतो. दर्शनी खांब त्या दालनाकडे बोलावण्यासाठी असतात.

स्कॉटलंडने आपल्या रिकाम्या बँकांचे काय केले ते बघण्यासारखे आहे. जॉर्ज स्ट्रीटवरची ती कमर्शियल बँक १९९६ पासून ‘द डोम’ नावाचे उपाहारगृह आहे. घुमटाखाली मधोमध गोल बार, भोवती जेवणाची टेबले. सिम्प्सनच्या ॲबरडीनच्या इमारतीत पब आहे, त्याला त्याच्याच नावाची पाटी आहे. एडिंबरातल्या ‘माउंड’ टेकडीवर बँक ऑफ स्कॉटलंडच्या मुख्य वास्तूत पैशाच्या इतिहासाचे संग्रहालय २००६ साली उघडले. बँकेच्या घुमटाखाली दारू विकली जाते हे काही जणांना रुचणार नाही. मलाही संग्रहालय, वाचनालय, नाट्यगृह अधिक आवडले असते. पण पब असो की हॉटेल, दालन सलग आहे, घुमट उघडा आहे, आणि चहाच्या एका पेल्याच्या पैशांत कोणीही आत जाऊन मान वर करून बघू शकतो. जागेचा खर्च जागाच काढते. फक्त संग्रहालयच हवे असा हट्ट धरला तर बहुतेक इमारतींना कुलूप लागेल, आणि कुलपाआड इमारत पबपेक्षा लवकर मरते.

घरच्या उदाहरणात कोलकात्याची करन्सी बिल्डिंग सगळ्यांत बोलकी. १८३३ साली ती आग्रा बँकेसाठी बांधली गेली, १८६८ पासून सरकारच्या चलन विभागाकडे गेली, आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले कार्यालय १९३५ ते १९३७ या काळात तिथेच होते. एवढे सगळे असून १९९० च्या दशकात सरकारी बांधकाम खात्यानेच ती पाडायला घेतली. मधल्या दालनावरचे घुमट उतरवून झाले, तेव्हा ओरड होऊन काम थांबले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती ताब्यात घेतली. उरलेले त्यांनी जपून उभे केले, २०२० साली तिथे प्रदर्शन सुरू झाले. आज मधले दालन म्हणजे कमानींनी वेढलेले उघडे अंगण आहे. ते सुंदर दिसते, छायाचित्रांत तर फारच. पण घुमट गेले ते गेलेच. ओरड व्हायला काही महिने उशीर झाला, त्याची ती किंमत.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, देशात अशी ती पहिली. तिच्यात पळवाटा आहेत, समितीवर दबाव येतात, हे सगळे खरे. तरीही फोर्टातली जुनी इमारत पाडायची तर परवानगीचा एक दरवाजा ओलांडावा लागतो. हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ साली कॉफीचे दुकान आले ते जुन्या कमानी आणि उंची ठेवून आले. बंगळुरूत वारसा जपणाऱ्या इंटॅकसारख्या संस्थांनी मेहनतीने याद्या केल्या आहेत, पण यादीत नाव असले म्हणून हातोडा थांबतोच असे नाही. लालबागेतला क्रुम्बिगल हॉल डोळ्यांदेखत खिळखिळा होत गेला आणि २०१७ साली काही भाग ढासळल्यावर बाकीचाही पाडून टाकला. खुद्द सरकारी बागेतल्या इमारतीची ही गत. याउलट अट्टारा कचेरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडायचे घाटत होते, तेव्हा नागरिक उठले म्हणून तो लाल वाडा आज कब्बन पार्कासमोर उभा आहे आणि त्यात उच्च न्यायालय भरते. माणिक्यवेलू यांची हवेली २००९ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जुना मध्यवर्ती तुरुंग २००८ पासून फ्रीडम पार्क झाला. म्हणजे या शहराला हे जमत नाही असे नाही. जिथे कोणी तरी वेळेवर धरून बसले तिथे जमले आहे.

आता तर कारभारच नव्याने मांडला जातो आहे. बृहत् बंगळुरू महानगरपालिका जाऊन ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आले, त्याखाली २०२५ मध्ये पाच महापालिका झाल्या. पेठ एकीकडे, छावणी दुसरीकडे, आणि वारशाचा विषय कोणाच्याच टेबलावर नाही, असे होण्याचा धोका मोठा आहे. वारसा इमारतींचा अधिकार प्राधिकरणाकडे एकाच जागी ठेवावा, आणि दालन अखंड ठेवणाऱ्या मालकाला न वापरलेले चटईक्षेत्र दुसरीकडे विकता यावे. मालकाच्या गळ्यात नुसती जबाबदारी बांधली तर तो इमारत पडण्याची वाट बघतो. त्याला त्यातून चार पैसे सुटले पाहिजेत.

पण प्राधिकरणाची वाट न बघता स्टेट बँकेला बरेच करता येईल. मद्रास बँक, इम्पीरियल बँक आणि मैसूर बँक या तिघींच्या इमारती तिच्याकडे वारशाने आल्या आहेत. या बँकेला इतिहासाची कदर नाही असे मी म्हणणार नाही: तिने अमिय कुमार बागची यांच्यासारख्या इतिहासकाराकडून आपला इतिहास अनेक खंडांत लिहवून घेतला, कोलकात्यात तिचे स्वतःचे अभिलेखागार आणि संग्रहालय आहे. कागद जपणाऱ्या संस्थेने आता दालने जपावीत. १९५५ पूर्वीच्या आपल्या सगळ्या इमारतींची यादी तिने जाहीर करावी. कुठली वापरात आहे, कुठली भाड्याने दिली आहे, कुठली सोडायचा विचार आहे, ते त्यात असावे. यादी जाहीर झाली की ओरड वेळेवर होऊ शकते.

आणि शाखा हलवण्याआधी, सामान ट्रकमध्ये चढण्याआधी, इमारत मोजून घ्यावी. बंगळुरूत बीएमएस आणि आरव्हीसारखी वास्तुकला महाविद्यालये आहेत, जुनी इमारत मोजून तिचे नकाशे काढणे हा त्या शिक्षणाचाच भाग असतो. मुलांना टेप, शिडी आणि ड्रॉइंगचा कागद लागतो, तो ती स्वतः आणतील. रविवारी कुलूप उघडून द्यायला आणि खोट्या छताचे दोन तुकडे काढून वरचे खरे छत दाखवायला बँकेचा एक माणूस हवा.